संविधानातील 'जीवित' : एका अनुच्छेदाचा अर्थविचार

१

शब्दाचा अर्थ कोण ठरवितो, या प्रश्नाचे भाषाशास्त्रीय उत्तर परिचित आहे. कोशकार अर्थाची नोंद करतो; अर्थ सिद्ध होतो तो भाषिक समाजाच्या व्यवहारात. विधिग्रंथातील शब्दांना मात्र हे उत्तर जसेच्या तसे लागू करता येत नाही. तेथे अर्थनिर्णयासाठी न्यायालय ही संस्था मुद्दाम स्थापन केलेली असते, तिचा निर्णय सर्वांवर बंधनकारक असतो, आणि त्या निर्णयावर एखाद्या माणसाची सुटका किंवा बंदिवास, निवारा किंवा निराश्रितपणा अवलंबून असतो. म्हणूनच संविधानाचा अर्थ म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला अर्थ, असे समीकरण सहज मांडले जाते. हे समीकरण अपुरे आहे. न्यायालयापुढे शब्द येतो तो कोणा नागरिकाच्या गाऱ्हाण्यातून. न्यायालयाने दिलेला अर्थ टिकतो, संकोच पावतो किंवा पालटतो, तो पुष्कळदा विधिमंडळाच्या कृतीमुळे. आणि विधिमंडळास ती कृती करावयास लावणारा पुन्हा नागरिकच असतो. अर्थनिश्चितीची ही तीन स्थाने परस्परांशी कशी निगडित आहेत, हे भारतीय संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाच्या इतिहासावरून चांगले स्पष्ट होते.

हा अनुच्छेद म्हणजे अवघे एक वाक्य. इंग्रजी मूळ पाठात त्याचे शब्द अठरा. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीस अनुसरल्याखेरीज कोणाही व्यक्तीचे जीवित अथवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असा त्याचा आशय. २६ जानेवारी १९५० पासून या वाक्यातील एकही शब्द बदललेला नाही. अर्थ मात्र इतका पालटला आहे की, १९५० मधील अर्थ आणि २०१७ मधील अर्थ शेजारी ठेवले असता ते एकाच वाक्याचे आहेत, हे नवख्या वाचकास सांगावे लागेल.

२

या वाक्याची जडणघडण प्रथम पाहिली पाहिजे. १९४७ मध्ये संविधानसभेच्या समित्यांपुढे जो मसुदा होता, त्यात 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' ही अमेरिकी संज्ञा होती. या संज्ञेचा अमेरिकेतील इतिहास असा की, तिच्या आधारे न्यायालये केवळ कार्यपद्धतीच नव्हे, तर कायदाही न्याय्य आहे की नाही हे तपासू लागली, आणि कामगारांच्या हिताचे काही कायदेही त्या तपासणीत रद्द झाले. संविधानसभेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेस गेले असता तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्यांना या संज्ञेपासून दूर राहण्याचा सल्ला दिला. लोकनियुक्त प्रतिनिधींचे कायदे मूठभर न्यायाधीशांनी रद्द करावेत हे लोकशाहीस मारक आहे, असे त्यांचे मत होते. मसुदा समितीने ती संज्ञा वगळली आणि १९४६ च्या जपानी संविधानाच्या धर्तीवर 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' अशी शब्दयोजना स्वीकारली.

डिसेंबर १९४८ मध्ये सभेत या शब्दयोजनेवर तीव्र वाद झाला. अनेक सभासदांना जुनीच संज्ञा हवी होती. १३ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकरांनी केलेले भाषण या दृष्टीने लक्षणीय आहे. एका पक्षाचे प्राबल्य असलेले विधिमंडळ नागरिकांचे मूलभूत हक्क तुडवू शकेल, हा एक धोका. आणि पाच-सहा न्यायाधीश आपल्या सदसद्विवेकास किंवा पूर्वग्रहास अनुसरून विधिमंडळाचा कायदा रद्द करतील, हा दुसरा. या दोहोंतून निश्चित मार्ग काढणे कठीण आहे, असे सांगून त्यांनी निर्णय सभेवर सोपविला. सभेने मसुद्यातील शब्द कायम ठेवले. परंतु प्रश्न मिटला नव्हता. सप्टेंबर १९४९ मध्ये आंबेडकरांनी अटक व स्थानबद्धता यांविषयीचा स्वतंत्र अनुच्छेद मांडला, तोच पुढे २२ वा झाला. आधीच्या तरतुदीत जे कमी पडले त्याची ही मोठ्या अंशी भरपाई आहे, असे त्यांनी त्या वेळी सांगितले.

याचा अर्थ असा की, हे वाक्य लिहिणाऱ्यांनाही त्याचा अर्थ पूर्ण झाला आहे असे वाटत नव्हते. ज्याला 'घटनाकारांचा हेतू' म्हणतात, तो येथे एकजिनसी हेतू नसून एक उघड ठेवलेली चिंता होती.

३

संविधान अमलात आल्यानंतर चारच महिन्यांनी या वाक्याची पहिली मोठी कसोटी लागली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन हे डिसेंबर १९४७ पासून मद्रास इलाख्यात कैदेत होते. मार्च १९५० मध्ये त्यांच्यावर नव्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली आदेश बजावण्यात आला. अनुच्छेद २१ मधील 'कायदा' म्हणजे विधिमंडळाने केलेला कोणताही कायदा नव्हे, तर नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळणारा कायदा होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. घटनाकारांनी 'ड्यू प्रोसेस' ही संज्ञा जाणूनबुजून टाकली, तेव्हा ती मागच्या दाराने आत घेता येणार नाही. 'कायदा' म्हणजे राज्यसंस्थेने केलेला कायदा, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती फझल अली यांनी भिन्न मत नोंदविले. सूचना, म्हणणे मांडण्याची संधी, निःपक्षपाती न्यायाधिकरण आणि सुव्यवस्थित रीत, या चार गोष्टींवाचून 'कार्यपद्धती' हा शब्दच पोकळ होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

बहुमताच्या युक्तिवादाचे भाषिक स्वरूप तपासण्याजोगे आहे. शब्दाचे मूल्य तो ज्या अन्य शब्दांच्या जागी येतो त्यांच्याशी असलेल्या भेदातून ठरते, असे सोस्यूरने म्हटले आहे. टाकलेल्या शब्दावरून निवडलेल्या शब्दाचा अर्थ लावणे हे त्या न्यायाने सयुक्तिक दिसते. परंतु टाकलेला शब्द वक्त्याला काय म्हणावयाचे नव्हते एवढेच सांगतो. निवडलेला शब्द पुढील प्रत्येक प्रसंगी किती अर्थ वाहील, हे तो सांगत नाही. भर्तृहरीने अर्थनिर्णयाची जी साधने दिली आहेत, त्यांत साहचर्य, प्रकरण, अन्य शब्दाचे सान्निध्य, औचित्य, देश व काल यांचा समावेश आहे. १९५० च्या बहुमताने या साधनांपैकी सान्निध्याचे साधन जवळजवळ नाकारलेच. मूलभूत हक्कांचा प्रत्येक अनुच्छेद स्वयंपूर्ण आहे, एकाचा अर्थ लावताना दुसऱ्याकडे पाहण्याचे कारण नाही, अशी त्यांची भूमिका होती. मीमांसकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर न्यायालयाने हक्कांच्या प्रकरणाची एकवाक्यता मानली नाही. पुढील अठ्ठावीस वर्षांतील अर्थांतराची गुरुकिल्ली या एका नकारात आहे.

४

निर्णय लागला तरी गाऱ्हाणी थांबली नाहीत. उत्तर प्रदेशात खरकसिंग नावाच्या इसमावर दरोड्याचा आरोप होता. पुराव्याअभावी तो सुटला, तरी पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली आणि रात्री-अपरात्री त्याच्या घरी येऊन चौकशी चालविली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी अवैध ठरविल्या आणि 'जीवित' म्हणजे नुसते पशुवत् अस्तित्व नव्हे, असे मान्य केले. पाळतीचे अन्य प्रकार मात्र कायम राहिले, कारण खाजगीपणाचा हक्क संविधानात नाही, असे बहुमत झाले.

१९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी या व्यापाऱ्याचे पारपत्र परत मागण्यात आले. परदेशप्रवास हा व्यक्तिगत स्वातंत्र्याचा भाग आहे आणि त्याचे नियमन करणारा कायदाच अस्तित्वात नसल्यामुळे सरकारची कृती टिकत नाही, असा निर्णय तीन विरुद्ध दोन मतांनी लागला. त्यावर संसदेने त्याच वर्षी पारपत्र अधिनियम केला. येथे विधिमंडळाचे उत्तर मोठे सूचक आहे. न्यायालयाने 'कायदा कोठे आहे' असे विचारले आणि संसदेने कायदा दाखविला. गोपालन-निर्णयाच्या अर्थाने एवढे पुरेसे होते.

हे पुरेसे नाही, असे न्यायालयाने १९७८ मध्ये म्हटले. मधल्या काळात जे घडले त्यावाचून ते म्हटले गेले असते की नाही, याची शंका आहे.

५

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयाकडे जाण्याचा हक्क स्थगित झाला. स्थानबद्धांच्या वतीने ठिकठिकाणी अर्ज झाले, आणि स्थानबद्धता कायद्यानुसार तरी आहे की नाही एवढे तपासण्याचा अधिकार अनेक उच्च न्यायालयांनी स्वतःकडे राखला. सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपिले केली. सुनावणीत न्यायमूर्ती खन्ना यांनी महान्यायवाद्यांना विचारले की, एखाद्या अधिकाऱ्याने वैयक्तिक आकसाने कोणाचा जीव घेतला, तर त्यावर काही इलाज आहे काय? आणीबाणी चालू असेतोवर इलाज नाही, असे उत्तर मिळाले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी सरकारची बाजू मान्य झाली. विरुद्ध मत खन्ना यांचे होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्या न्यायाधीशांस सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

संविधानाच्या अर्थाचा अखेरचा शब्द न्यायालयाचा, या समीकरणाची परीक्षा येथे होते. १९७६ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाचा होता आणि तो अधिकृत होता. तरीही तो अखेरचा ठरला नाही. मार्च १९७७ च्या निवडणुकीत आणीबाणी हाच मुख्य प्रश्न होता आणि मतदारांनी सत्तारूढ पक्षास दूर सारले. नव्या संसदेने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने असे ठरविले की, आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही. न्यायालयाने स्वतःचा हा निर्णय स्पष्ट शब्दांत रद्द केला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खाजगीपणाचा हक्क मान्य करणाऱ्या नऊ न्यायाधीशांच्या एकमुखी निकालात. प्रथम मतदार, मग संसद, आणि एकेचाळीस वर्षांनी न्यायालय, असा या दुरुस्तीचा क्रम आहे.

त्याच घटनादुरुस्तीची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेवरील निर्बंध कडक करणारे तिचे तिसरे कलम संसदेने संमत केले. ते अमलात आणण्याची तारीख ठरविणे सरकारवर सोपविले होते. ती तारीख कोणत्याच सरकारने ठरविली नाही, आणि तशी सक्ती करण्यास न्यायालयाने १९८१ मध्ये नकार दिला. कार्यकारी सत्तेचे मौनही संविधानाचा अर्थ घडविते, हे यावरून दिसते.

६

जुलै १९७७ मध्ये, म्हणजे सत्तांतरानंतर, मनेका गांधी यांचे पारपत्र जनहिताच्या कारणास्तव जप्त करण्यात आले आणि त्यामागील कारणे सांगण्यास सरकारने नकार दिला. आधार होता तो १९६७ च्या त्याच अधिनियमाचा. कायदा होता, कार्यपद्धती होती. गोपालन-निर्णयाप्रमाणे तक्रारीस जागाच नव्हती. २५ जानेवारी १९७८ च्या निर्णयात बहुमताने असे मानले की, कार्यपद्धती न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे, मनमानी असता कामा नये. आणि अनुच्छेद १४, १९ व २१ हे एकत्र वाचले पाहिजेत. सरकारने म्हणणे ऐकून घेण्याचे आश्वासन दिल्यामुळे मूळ आदेश रद्द करण्याची वेळ आली नाही. परंतु १९५० मध्ये नाकारलेली एकवाक्यता येथे प्रस्थापित झाली. सात न्यायाधीशांच्या या पीठावर १९७६ च्या बहुमतातील तिघे न्यायाधीश होते. वाक्य तेच, न्यायाधीशही काही अंशी तेच. पालटला होता तो भर्तृहरीने सांगितलेला काल. घटनाकारांनी टाकलेली संज्ञा नावाने परतली नाही, पण तिचा बराच अर्थ 'कार्यपद्धती' या शब्दात सामावला.

७

कार्यपद्धतीचा अर्थ असा विस्तारल्यानंतर 'जीवित' या शब्दाकडे लक्ष वळले. या शब्दाची भाषांतरेही विचारार्ह आहेत. संविधानाच्या हिंदी पाठात इंग्रजी 'लाइफ'साठी 'प्राण' हा शब्द आहे आणि स्वातंत्र्याला 'दैहिक' हे विशेषण. मराठी पाठात 'जीवित' आणि 'व्यक्तिगत' हे शब्द आहेत. 'प्राण' श्वासाशी निगडित, 'दैहिक' शरीराशी. 'जीवित' हा शब्द 'प्राण' आणि 'जीवन' यांच्या मध्ये उभा आहे. जीवितहानी म्हणताना तो प्राणाकडे झुकतो, जीवितकार्य म्हणताना जीवनाकडे. शिवाय 'उपजीविका' हा शब्दही त्याच 'जीव्' धातूपासून आलेला आहे. तथापि व्युत्पत्तीवरून हक्क सिद्ध होत नाही. योगापेक्षा रूढी बलवत्तर हा नियम जुना आहे, आणि रूढी घडण्यास कोणी तरी शब्द त्या अर्थाने वापरावा लागतो.

मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या माणसांनी तो वापरला. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात झोपड्या पाडल्या जाऊ लागल्या. पदपथावरील रहिवासी, पत्रकार ऑल्गा टेलिस आणि नागरी हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते न्यायालयात गेले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. ही माणसे पदपथावर राहतात, कारण काम जवळ आहे. पदपथ गेला की काम जाते, आणि काम गेले की जगणे जाते. १० जुलै १९८५ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा युक्तिवाद तत्त्वतः स्वीकारला. जगण्याचे साधन हिरावून घेणे हा जीवित हिरावून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय, असा त्यातील विचार. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतात होते, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु याच निकालाने पदपथवासीयांना पदपथावर राहण्याचा हक्क दिला नाही. १८८८ च्या महापालिका अधिनियमातील संबंधित तरतूद वैध ठरली. आयुक्तांनी सामान्यतः पूर्वसूचना द्यावी, १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा मिळावी, आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत, कोणालाही हटवू नये, एवढेच पदरात पडले. शब्दाचा अर्थ विस्तारला; ज्यांच्यामुळे तो विस्तारला, त्यांना मिळाली ती मुख्यतः मुदत. अर्थाचा विस्तार आणि त्याची फलश्रुती यांतील हे अंतर संविधानाच्या अभ्यासकाने कधीही विसरू नये. विधिमंडळाने अर्थाला तरतुदीचे आणि पैशाचे बळ दिल्याखेरीज तो अर्थ निकालपत्रातच राहतो.

८

असे बळ मिळाल्याचे उदाहरण शिक्षणाचे आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे मूळ ४५ व्या अनुच्छेदात होते; परंतु ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयातून मागता येत नव्हते. १९६० साली मुदत संपली, उद्दिष्ट अपुरेच राहिले. ही मागणी संविधानाहून पुष्कळ जुनी. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचा आग्रह धरला होता, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले विधेयक फेटाळले गेले होते. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात असे ठरविले की, चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हे अनुच्छेद २१ मधील जीविताचाच भाग आहे.

संसदेने २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क घातला आणि तो राबविणारा अधिनियम २००९ मध्ये केला. मात्र न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांविषयी जे म्हटले, ते संसदेने सहा ते चौदा या वयापुरते केले. सहा वर्षांखालील बालके पुन्हा मार्गदर्शक तत्त्वांत गेली. संसदेने न्यायालयाचा अर्थ स्वीकारला, तो मापून स्वीकारला. येथे दोन्ही संस्था एकमेकींची वाक्ये पुरी करीत आहेत असे म्हणता येईल. मात्र पहिल्या पाच-सहा वर्षांतील कुपोषित वा उपेक्षित बालक त्या वाक्याबाहेर राहिले.

९

यावर एक आक्षेप सयुक्तिक आहे. प्रसंगाप्रसंगाने अर्थ पालटत असेल, तर लिखित संविधानाचा उपयोग काय? आणि न्यायाधीशांनी अर्थ विस्तारत नेला, तर आंबेडकरांनी सांगितलेला दुसरा धोका खरा ठरत नाही काय? हा धोका काल्पनिक नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकीसंबंधीच्या तरतुदीतील 'विचारविनिमय' या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये जवळजवळ 'संमती' असा लावला. संसदेने २०१४ मध्ये ९९ व्या घटनादुरुस्तीने वेगळी व्यवस्था केली, आणि न्यायालयाने २०१५ मध्ये ती दुरुस्तीच रद्द ठरविली. तेथे न्यायालय स्वतःच्याच अधिकाराविषयीच्या शब्दाचा अर्थ लावीत होते. 'जीविता'च्या इतिहासात खरकसिंग होता, पदपथावरील मजूर होता. त्यांच्या जगण्याशी अर्थ ताडून पाहता येत होता. असा प्रसंग मागे नसला की अर्थविस्तार हा केवळ दोन संस्थांमधील वाद होतो.

सारांश, संविधानातील शब्दाचा अर्थ एका वक्त्याचे वचन नसते. नागरिक प्रसंग आणतो, न्यायालय त्या प्रसंगी शब्दाची व्याप्ती सांगते, विधिमंडळ त्या व्याप्तीला तरतुदीचे रूप देते किंवा नाकारते, आणि मतदार या सर्वांचा हिशेब घेतो. यांपैकी एखादे स्थान गप्प झाले की अर्थ दुबळा होतो. १९७६ मध्ये न्यायालय आणि संसद ही दोन्ही स्थाने गप्प झाली, तेव्हा 'जीवित' हा शब्द संविधानात असूनही त्याला अर्थ उरला नव्हता. शब्द पुसला गेला नव्हता, म्हणून तो पुन्हा उच्चारता आला. लिखित पाठाचा उपयोग तो हाच. १९५० चे एकाकी मत १९७८ मध्ये आणि १९७६ चे एकाकी मत २०१७ मध्ये ग्राह्य ठरले, ते त्या पाठात त्यांना जागा होती म्हणून. मात्र ती जागा आपोआप भरली नाही. त्यासाठी कोणाला तरी कारागृहातून, कोणाला पदपथावरून अर्ज करावा लागला, आणि त्यांपैकी अनेकांना त्या अर्थाचा लाभ झाला नाही.